पाणी येईपर्यंत

मालूचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, तेव्हा चौघीही हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मालूच हसली. तो काढायला तिनं डावा पाय रोवला, आणि तोही गेला.

कोलाडजवळच्या एकाच गावात नांदलेल्या या चार मैत्रिणी. मळणी आटोपून, वाल पेरून, घरी तीन दिवसांचं सांगून त्या हौसाच्या माहेरी, वडखळच्या पुढं खाडीकाठी आल्या होत्या. हौसाचा भाऊ जगन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला त्यांना शिडाच्या होडीतून मांडव्याला नेणार होता. हौसा सोडली तर समुद्र कुणीच पाहिला नव्हता. दुपारी जेवून हौसा त्यांना गाव दाखवायला निघाली. मिठागरं झाली, तिवरांतले खेकडे झाले. मग बांधाखाली ओहोटीत कलंडलेली ती होडी दिसली, आणि जवळून बघायला मालू सरळ खाली उतरली. सगळं आयुष्य भाताच्या खाचरात गेलेली बाई. तिला वाटलं, चिखल तो चिखल.

"थांब गो, हात देते," म्हणत रंभानं पदर खोचला.

"उतरू नको!" हौसा ओरडली. "तूपण जाशील आत. सरू, मिठागरावर माझा जगनदादूस हाय. बोलव त्याला. दोर घेऊन ये म्हणावं. पळ!"

सरू बांधावरून पळत सुटली. मालू आता मांड्यांपर्यंत गेली होती. ती पाय ओढत होती, आणि दर ओढीला बोटभर खाली जात होती.

बांधावर एक रुंद फळी पडलेली होती. हौसानं ती चिखलावर सरकवली आणि तिच्यावर पालथी झाली. अंगावर या फेरीसाठी पेणला घेतलेलं नवं लुगडं होतं. सरपटत ती मालूच्या पाठीमागं पोचली आणि तिच्या दोन्ही काखांत हात घातले.

"ओढ," मालू म्हणाली.

"नाय ओढणार. तू हलू नको. मागं रेल माझ्यावर."

"मग करायचं काय?"

"पाणी येऊ दे."

मालूनं समोर पाहिलं. मघाशी लांब दिसणारी पाण्याची कड आता होडीच्या पलीकडे चमकत होती.

"बुडवतेस व्हय मला?"

"पाणी आलं की चिखल पातळ होतो. तवाच पाय सुटतो. लहानपणी मी दोनदा रुतलेय अशी."

"आन् नाय सुटला तर?"

"मी हाय ना," हौसा म्हणाली. पण रुतली तेव्हा ती सात-आठ वर्षांची पोर होती. मालूचं अंग भारी होतं, हे तिच्या खांद्यांना कळत होतं.

दोघी तशाच पडून राहिल्या. चिखल गार होता. बांधावर रंभा हात जोडून उभी होती.

"हौसा."

"काय?"

"तुझ्या भातलावणीच्या ओळी लई वाकड्या यायच्या."

"आता आठवलं व्हय तुला?"

"तुझी सासू बांधावर यायच्या आधी मी मागनं सरळ करायचे. पहिली तीन-चार वर्षं. कुणाला बोलले नाय कधी."

"म्हायती हाय मला."

"म्हायती होतं? मग तू कशी बोलली नाय?"

"बोलले असते तर तू करायची थांबली असतीस."

मालूला हसू फुटलं. "हसू नको गो, खाली जाशील," हौसा म्हणाली, आणि तिलाही हसू आलं.

मग पाणी आलं. आधी फेसाची एक बारीक रेघ, तिच्यामागं वीतभर पाणी. बघता बघता ते मालूच्या छातीशी आलं. तिनं हौसाचं मनगट इतकं आवळलं की दोन काकणं फुटली.

"आता पाय हलव. ओढायचा नाय. रवी फिरवल्यासारखा फिरव."

उजवा सुटला. डावा सुटेना. पाणी हनुवटीला लागलं. हौसानं तळवा मालूच्या हनुवटीखाली धरला आणि तिचं तोंड वर करून ठेवलं.

"फिरव, मालू. फिरव गो."

मालू रडत होती आणि फिरवत होती. एकाएकी तिचं सगळं अंग हलकं होऊन वर आलं, आणि दोघी फळीसकट पाण्यावर तरंगल्या. तेवढ्यात जगन आला. त्यानं टाकलेला दोर हौसानं धरला, आणि सरू-रंभासकट तिघांनी त्यांना बांधाला ओढून घेतलं.

"पाहुण्या बायकांना असल्या चिखलात नेतात व्हय?" जगन बहिणीवर खेकसला.

"तिनं नाय नेलं," मालू धापा टाकत म्हणाली. "ती आणायला आली."

संध्याकाळी उद्याचा विषय कुणी काढला नाही. निजताना रंभा हळूच म्हणाली, "सकाळी वडखळवरनं येष्टी हाय." मालू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पहाटे हौसा उठून बाहेर आली, तर मालू बोचकं मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली. "कुठं निघालीस?" असं विचारायचा हौसाला धीर होईना. मालूच म्हणाली, "भाऊ उठला का तुझा?"

होडी निघाली. रेवस मागं पडलं, शीड फुगलं, आणि मालूला ओकाऱ्या सुरू झाल्या. हौसा तिची पाठ चोळत होती. जगननं दोनदा विचारलं, "वळवू का मागं?" मालूनं दोन्ही वेळा हातानंच नाही म्हटलं. तिसरी ओकारी झाल्यावर तोंड धुऊन तिनं मान वर केली. चहूकडं पाणी होतं.

"मांडवा अजून किती लांब हाय, भाऊ?"

"झालंच की. आता तासभर."

"एवढंच?" पाण्यावरची नजर न काढता मालू म्हणाली.