अण्णांच्या माशांचा जवळा

"सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर. सुका जवळा. वाढताना हात आखडायचा नाही. ते काही तुझे देव नाहीत, एका फुलावर भागवून घ्यायला. दे शब्द."

अकरा दिवसांपूर्वी दवाखान्यातल्या खाटेवरून अण्णा हे बोलले होते. हेमांगीने सासऱ्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. शब्द दिला नाही. दोन दिवसांनी अण्णा गेले.

आज दहावा. निर्मळच्या तळ्याकाठी पिंड ठेवून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवत नव्हता. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या माडावर ओळीने बसून खाली बघत होते. हेमांगी देवापुढे बसली की अण्णा हॉलमधल्या खुर्चीतून असेच बघायचे.

"त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले. "करतो म्हणून सांगा, म्हणजे येतील."

हेमांगीच्या नवऱ्याने, विपुलने, हात जोडले. नंदाखाल गावची वाडी विकणार नाही म्हणाला. एका कावळ्याने पंख साफ केला. मग विपुलची थोरली बहीण मालन पुढे झाली. आईचं श्राद्ध दरवर्षी आपण घालू, असं तिने मोठ्याने सांगितलं. माडावर काही हललं नाही.

"मासे," मालनताई एकदम म्हणाली, आणि सगळ्यांनी हेमांगीकडे पाहिलं.

मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये अण्णांची चार फुटी काचेची टाकी होती. तिच्यात निळे-पिवळे आफ्रिकन सिक्लिड. घरातली माणसं म्हणून अण्णांनी बहुधा तेवढ्यांनाच धरलं होतं. आल्यागेल्याला ते माशांची नावं सांगत. सुनेचं नाव त्यांच्या तोंडी "ए" असं होतं. मासे विकणाऱ्या क्लिफर्डने एकदा घरी येऊन हात जोडून सांगितलं होतं, "अण्णा, हे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे. जवळा यांना पचत नाही, पोट फुगून मरतात. हिरवं द्या. आठवड्यातून एक दिवस तर काहीच देऊ नका."

"वसईत राहून माशाला जवळा नको म्हणतोस?" अण्णा खदखदून हसले होते. "मासे आहेत ते, भटजी नव्हेत. आणि ही बया करते तेवढे उपास पुरे आहेत या घराला."

त्यानंतर महिन्याला एखादा मासा फुगून उलटा व्हायचा. अण्णा त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरायचे, महापालिकेच्या पाण्याला शिव्या द्यायचे आणि नवा आणायचे. गेले नऊ दिवस हे खातं मालनताईकडे होतं. बापाची आठवण म्हणून ती दोन्ही वेळा ओंजळ भरून जवळा टाकत होती. दोन मासे मेले. "बापाच्या दुःखानं गेले हो," असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगत होती. सुतक होतं, म्हणून हेमांगी हसली नव्हती.

"अण्णांनी हिच्याकडे शब्द मागितला होता," मालनताई आता गुरुजींना सांगत होती. "हिने दिला नाही. म्हणून अडकलाय त्यांचा जीव." मग हेमांगीच्या कानाशी येऊन ती म्हणाली, "म्हण ना गं, जवळा देईन म्हणून. नुसतं म्हणायला काय जातंय? नंतर कोण बघायला येणार आहे?"

नुसतं म्हणायचं. हेमांगीने बाळंतपणातही दिव्याचा नेम मोडला नव्हता; खाटेवरून हात लांबवून वात लावली होती. जे करायचं नाही ते देवाला सांगायचं नाही, एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं. आणि हा तर मेलेला माणूस. त्याला फसवायचं, की त्याचे उरलेले मासे मारायचे?

ती पिंडापुढे गेली. पानावर मालनताईने भाताशेजारी अण्णांच्या आवडीची जवळ्याची चटणी वाढली होती. हेमांगीने पदर सावरला. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण तळ्याकाठी सगळे गप्प होते.

"अण्णा, जवळा मी देणार नाही. तुम्ही दिलात, ते मेले. मी पालक देईन, सोललेला मटार देईन, क्लिफर्डकडचं शेवाळाचं खाणं देईन. आठवड्यातून एक दिवस त्यांना उपास घालीन. एकाही दिवसाची हयगय करणार नाही. हा माझा शब्द. पटत असेल तर या, नसेल तर बसा माडावर."

"हेमांगी!" विपुल ओरडला.

माडावरून एक थोराड कावळा उतरला. दोन उड्या मारून पानाशी आला. मान वाकडी करून हेमांगीकडे बघत राहिला, मग भाताचा घास उचलून उडाला. जवळ्याला त्याने चोच लावली नाही.

"हावरट मेला," मालनताई पुटपुटली. आपण कुणाला बोललो ते लक्षात येताच तिने तोंडावर पदर दाबला.

घरी पानं मांडली गेली. माणसांची चाहूल लागताच मासे काचेशी गोळा झाले आणि तोंडं उघडमीट करू लागले. एक निळा मात्र फुगलेलं पोट घेऊन कोपऱ्यात पडून होता.

"यांचं काय?" विपुलने खालच्या आवाजात विचारलं. लग्नानंतर घरातली एखादी गोष्ट त्याने पहिल्यांदाच तिला विचारली असेल.

"आज उपास."

तिने टाकीतला दिवा मालवला, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि माशांच्या उद्याच्या पारण्याला पालक आणायला ती जिना उतरली.