भर रस्त्यावर

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत पोरींनी खडूनं घरं आखली होती. ऑफिसातून येताना मी पर्स पायरीवर टाकली, साडी खोचली आणि त्यांच्यासोबत लंगडी घालायला उतरले. वय एकावन्न, तरी एकदाही पाय टेकला नाही. पोरी टाळ्या वाजवून राहिल्या होत्या.

पलीकडच्या भिंतीशी उभे असलेले शेजारचे देवरावभाऊ नुसती मान वळवून म्हणाले, "ज्योत्स्नाताई, आजी झाल्या तुमी. भर रस्त्यावर हे असं शोभते का? पोरीबाळी पाहून राहिल्या."

मी थांबले नाही.

 

त्यांच्या पायाशी निघून आमच्या खडूच्या घरांपर्यंत आलेला ओघळ एका उडीत ओलांडला आणि म्हटलं, "भाऊ, पयले चेन लावा, मंग शिकवा मले."