डोक्यावर उभा आकडा

हंसाकाकूंनी फोनवर व्हिडिओ पाहिला. नाणं उलटल्यावर मागचा आकडा डोकं खाली, पाय वर दिसला, तर ती टांकसाळीची चूक आणि त्या नाण्याला हजारोंचा भाव! काकूंनी सालवडच्या आपल्या खानावळीचा गल्ला पालथा केला, तर एकूण एक नाणं चुकलेलं. जेवायला बसलेल्या कामगारांना त्यांनी तिथंच सांगून टाकलं, “उद्यापासून खानावळ बंद. मी आता तव्याचं तोंड पण बघणार नाय!”

पालघरहून नाण्यांचा जाणकार दर्पण आला. “काकू, कसं तपासलंत ते दाखवा बघू.”

काकूंनी वरची कड खाली आणत नाणं सफाईनं उलटलं.



“काकू, पुस्तकाचं पान उलटतात तसं उलटायचं असतं. पापलेट उलटतात तसं नाही.”