हिरवा पट्टा, पांढरी सायकल

सायकलने कामावर जाताना मार्गोच्या नवऱ्याला मेपल स्ट्रीटच्या ज्या चौकात ट्रकने चिरडलं, तिथे मित्रांनी आठवणीसाठी पांढरी रंगवलेली सायकल खांबाला बांधली होती. परवा मार्गो सायकलवरून तिथे पोचली तेव्हा पालिकेचा माणूस साखळी कापत होता. “या कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानदाराची तक्रार आहे, मॅडम. गिऱ्हाइकांना गाडी लावता येत नाही.” “सायकलवाटेला कठडा घालणार होतात, त्याचं काय?” “ते खातं वेगळं. सायकलींचा पट्टा नवा रंगवलाय की.” त्या हिरव्यागार पट्ट्यावरच त्याची पालिकेची गाडी उभी होती. सायकलवाले तिला वळसा घालून भरधाव ट्रकांपुढे येत होते. मार्गोला किळस आली. “रंगाने ट्रक थांबतो?” त्याने कापलेली साखळी ओढून काढली. तिने पांढरी सायकल हिसकावली, रस्त्यात आडवी टाकली आणि शेजारी बसली. भोंगे वाजू लागले. मागून आलेल्या म्हातारीनेही आपली सायकल टाकली. “सरक जरा,” ती म्हणाली.