अर्धी बरणी

बायको जाऊन महिना झाला. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या घरी सून माळा झाडत होती. जुन्या कुकरमध्ये तिला पुळिकाच्चलची, म्हणजे चिंचेच्या भाताच्या मसाल्याची, बरणी सापडली. अर्धी संपलेली, आत चमचा. माझं आम्लपित्त गोळ्यांशिवाय, पथ्यानंच आवरायचं म्हणून बायकोनं घरातली चिंच, मिरची, कॉफी बंद केली होती. “मलाही नको आता,” म्हणायची. सुनेला हसू फुटलं. “अप्पा, अम्मा चोरून खात होत्या! ही गोळी घ्या नि आज तुम्हीही पोटभर खा.” “मला मोह होऊ नये म्हणून लपवली तिनं,” मी म्हणालो. “तिची मेहनत एका गोळीत घालवू?” “हट्टी आहात.” “आहेच. गोळी परत ठेव.” मी मऊ भात नि दुधी वाढून घेतला. शेजारी बायकोचं ताट मांडलं, भात वाढला, मसाला कालवला. आता तिला स्टुलावर चढून खायची गरज नव्हती.