नारिंगी फिती

"खुंट्या सगळ्या जागेवर आहेत, बघून घे," ऑर्फा म्हणाली आणि काकवीच्या केकचा तुकडा तिने रेजिनापुढे सरकवला.

जमीन राखणाऱ्या संस्थेची रेजिना वर्षातून एकदा यायची, शेत पायी फिरायची, मागच्या वर्षीचे फोटो ताडून बघायची. इथे कधी घर उठणार नाही, रस्ता जाणार नाही, असं ऑर्फाने संस्थेला कायमचं लिहून दिलं होतं. 'कायमचं' हा शब्द ती येईल त्याला ऐकवायची.

"कुठल्या खुंट्या, काकू?"

"अगं, तुमच्याच माणसांनी ठोकल्या ना गेल्या आठवड्यात! तीन दिवस उन्हातान्हात होते बिचारे. जेवायला मीच घातलं. झराही दाखवला. त्या जाड्याला वाकवेना, तर टेपचं दुसरं टोक मी धरलं."

पाहुण्याला आधी वाढायचं, नाव-गाव मग विचारायचं, ही त्या खोऱ्याची रीत. ऑर्फाने नंतरही विचारलं नव्हतं.

रेजिना खिडकीशी गेली. कोवळ्या मक्यातून खुंट्यांची सरळ ओळ टेकडीवरून उतरत होती, झऱ्यावरून थेट गोठ्याकडे. प्रत्येक खुंटीला नारिंगी फीत.

"काकू, आमच्या फिती निळ्या असतात."

"रंगाचं काय घेऊन बसलीस!"

"कागद दिला का काही?"

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होता. आभाराचा समजून ऑर्फाने तसाच लावला होता. रेजिनाने तो दोनदा वाचला. गॅस कंपनीची पाइपलाइन, याच शेतातून. साठ फूट रुंद पट्टा. सोबत सरकारी मंजुरी.

"पण मी कायमचं लिहून दिलंय ना?" ऑर्फाचा आवाज बारीक झाला.

"ते तुम्हाला बांधतं, उद्याच्या मालकाला बांधतं. सरकारला नाही, काकू. राजधानीत, हॅरिसबर्गला, कोर्टात जाऊ आपण."

"आणि मग?"

रेजिनाने कागद परत चुंबकाखाली लावला. ऑर्फाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या, वर केकही.

"खुंट्या ठोकून पाडते," ती उठली. दाराआडच्या रिकाम्या खिळ्याकडे तिचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"काय झालं?"

"ह्यांचा घण. जमीन कडक लागली म्हणून त्या फितीवाल्यांनीच मागून नेला." ती खिळ्याकडेच बघत होती. "म्हणाले, काम सुरू करायला येऊ, तेव्हा आणून देऊ."