गाऊनची पाठ

शिवानंद सरांच्या हाताला गुण आहे, असं अख्खं सोलापूर म्हणायचं. त्या हाताचे बाकीचे गुण त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकणाऱ्या डॉ. दानेश्वरीला ठाऊक होते. पण तिची परीक्षा घेणारे सरच, मग बोलायचं कुणाकडे?

आज टेबलावर वळसंगच्या पार्वतम्मा होत्या, पोट उघडलेलं. "टाका असा घाल की गं," म्हणत सर शिकवायच्या निमित्तानं तिच्या मागं आले आणि त्यांचा हात तिच्या कमरेवर फिरला. गप्प बसावं, तर तोच हात आता पार्वतम्मांच्या पोटात जाणार. बोलावं, तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

"सर, थांबा!" सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं ती म्हणाली. "गाऊनची पाठ निर्जंतुक नसते. तुमचा हात माझ्या कमरेला लागलाय. आधी ग्लोव्ह्ज बदला."

सर कसनुसं हसले, "अगं, चुकून लागला."

शमशाद सिस्टरनी नव्या ग्लोव्ह्जचं पाकीट फोडून त्यांच्यापुढं धरलं.

 

"घ्या, सर. अजून एक जोड काढूनच ठेवते. तुमचं चुकून लई वेळा होतंय."